पारोळ्याला थांबणारी गाडी

मेहरूण, जळगाव
आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन सहावा दिवस, सकाळ

प्रिय मित्र प्रकाशचंद यास,

शालिग्रामचा जय जिनेंद्र आणि रामराम. (दोन्ही लिहितो, कारण पारोळ्याच्या शाळेत एका बाकावर बसत होतो तेव्हापासून आपण दोघंही दोन्ही घेत आलो आहोत.) मातोश्री धनकुंवरकाकींना माझा साष्टांग सांग. त्यांचा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार. चिरंजीव श्रेयांसला आशीर्वाद, आणि त्याला हेही सांग की ओळखीचा म्हातारा रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा दिसला, तर थांबून विचारपूस करायची असते. पुढे निघून जाऊन वडिलांना फोन लावायचा नसतो. आम्ही सगळे खुशाल आहोत. ऊन चव्वेचाळीसच्या वर गेलं आहे, कूलर गरम हवा गोल फिरवून परत आमच्याच अंगावर टाकतो, आणि माझी साखर थोडी वाढली आहे. ती का वाढली ते पुढे झिपरू मिस्त्रीच्या संदर्भात येईल.

परवा तुझा फोन आला. तू म्हणालास, गाडी धुळ्याला आणून सोड, पैसे परत घेऊन जा, मला लाजेनं झोप येत नाही. मी तोंड उघडलं तर तू पुन्हा पहिल्यापासून माफी मागायला लागलास. तिसऱ्या वेळेला मी फोन तुझ्या दिपमालावहिनीच्या हातात दिला, तर तू तिचीही माफी मागितलीस, आणि तिनं ती घेतली सुद्धा! ते मला आवडलं नाही. म्हणून पत्र लिहितोय. पत्र मध्येच तोडता येत नाही, एवढी एक सोय त्यात आहे. तर आधी हे डोक्यात घे: तुझ्या गाडीनं मला काडीचाही त्रास दिलेला नाही. तिच्यासारखी गुणी गाडी मी पाहिली नाही. (तू म्हणशील, शाल्या, तू आयुष्यात दुसरी गाडी घेतलीसच कुठे. ते खरं आहे, पण त्यानं मुद्दा बदलत नाही.)

आता मुळापासून सांगतो. आमची भिकुअक्का तुला आठवतच असेल. आपल्या दोघांना किल्ल्यामागच्या चिंचा पाडून देणारी, आणि वर आपल्यालाच मारणारी, तीच. तिचं सासर नरडाण्याच्या अलीकडे. आपल्याकडे आखाजीला लेक माहेरी आणायची म्हणजे घरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून न्यायला गेला पाहिजे, तो गेला नाही तर ती येत नाही, हे मी तुला सांगायची गरज नाही. मलाही ते ठाऊक होतं. पण अकरा वर्षांपूर्वी आखाजीच्या तोंडावर आमच्या जमीन मोजणी खात्यात चाळीसगावकडची एक अतितातडीची मोजणी निघाली आणि मला वाटलं, माणूस घरी पोचल्याशी मतलब, कोण आणतं याला काय महत्त्व! मी एक भाड्याची जीप ठरवली आणि ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी दिली. चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते आज आठवलं तरी कानशिलं तापतात. लिहिलं होतं, 'सोबत वाहन पाठवीत आहे. कृपया पोच द्यावी.' पस्तीस वर्षं सरकारी कागद खरडलेल्या माणसाचा हात आपोआप तसा चालतो रे.

अक्कानं पोच दिली. ड्रायव्हरला पाटावर बसवून मांडे आणि आमरस इतका वाढला, की तो माणूस पुढे वर्षभर भेटला की विचारायचा, साहेब, बहिणीकडे पुन्हा कधी पाठवता? मागच्या सीटवर लोणच्याची बरणी ठेवली, ती हलू नये म्हणून उशी लावली, आणि माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'गाडी उनी, भाऊ नही उना.' गाडी आली, भाऊ आला नाही, म्हणून जीप रिकामी परत!

पुढच्या वर्षी चूक सुधारायला मी स्वतः एस्टीनं गेलो. अक्कानं मलाही मांडे आणि आमरस वाढला, आणि जेवून हात धुतल्यावर निर्णय ऐकवला, "तवय गाडी उनी, भाऊ नही उना. आते भाऊ उना, गाडी नही. दोन्ही संगे येतीन तवय मी येसू." मी म्हटलं, अगं, मला गाडी चालवता येत नाही. ती म्हणाली, मग शीक. भांडण म्हणावं तर तेही नाही. दर उन्हाळ्यात कुरडया-पापडांचा डबा यायचा, फोनवर तासतासभर बोलायची, दिपमालाच्या दुखण्याखुपण्याला फोनवरूनच काढे सांगायची. फक्त यायची नाही. मी नोकरीत होतो तोवर 'पुढल्या वर्षी बघू' म्हणत गेलो आणि अशा अकरा आखाज्या गेल्या. मग गेल्या दिवाळीत तिला सत्तर पुरी झाली, आणि ती फोनवर हसत हसत म्हणाली की शाल्या, आता मोजायच्या झाल्या तर आखाज्या मागच्या नको, पुढच्या मोज. मोजणी खात्यातल्या माणसाला हे सांगायचं! दुसऱ्या दिवशी वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं, आणि महिन्याभरात तुझ्या दारात गाडी मागायला उभा राहिलो.

तू एक अक्षर खोटं बोलला नाहीस, प्रकाश, हे मी लेखी देतो. तू म्हणालास, चौदा वर्षांची आहे, डिझेल आहे, एकाच हाताखाली चाललेली आहे, आणि इंजिनला आजवर पाना लागलेला नाही. शब्द न् शब्द खरा निघाला. चौदा वर्षं पाना लागला नव्हता, त्यामुळे सगळे पाने माझ्याकडे आल्यावर एकदमच लागले. (आणि वर्षातून सहा वेळा दुकान ते दादावाडीचं मंदिर एवढीच चाललेली गाडी आतून कशी वाळते, हे तुला तरी कसं कळणार? मलाही झिपरूनं सांगितलं म्हणून कळलं.)

झिपरू मिस्त्री हा माणूस तुला भेटवला पाहिजे. मेहरूण तलावाच्या रस्त्याला चिंचेखाली त्याचं गॅरेज आहे. तो गाडीला आधी हात लावत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनवर टेकवतो, मूठ कानाला लावतो, डोळे मिटतो आणि ऐकतो. मोठमोठ्या डॉक्टरांनी माझी छाती इतकं मन लावून ऐकलेली नाही. आणि तो खर्चाचा आकडा कधीच तोंडानं बोलत नाही, हा त्याचा मोठेपणा. 'लहान काम शे' म्हणाला की दोन हजारांच्या आत. नुसतं 'काम शे' म्हणाला की पाचाच्या आसपास. आणि काहीच न बोलता समोरच्या टपरीकडे बघून 'भाऊसाठी एक चहा सांगा' म्हणाला, की समजायचं, पार गेलं. तो चहा तो स्वतःच्या पैशानं पाजतो आणि तुमचा अर्धा कप संपेपर्यंत विषय काढत नाही. इतकी माणुसकी आता कुठे राहिली आहे?

तर बॅटरी हे लहान काम निघालं. सेल्फ हेही लहान काम. शॉकअप आणि बुश मिळून नुसतं 'काम'. (गतिरोधकावर गाडी कुईं करायची, मी समजत होतो मागे मांजर बसलंय. एकदा उतरून बघितलंही.) क्लचप्लेटला पहिला चहा झाला. त्यात गाडीचा दोष नव्हता. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी 'क्लचवर पाय तयार ठेवा' असं शिकवलं होतं, आणि मी दीड महिना पाय तयार ठेवला, घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत. टायमिंग बेल्टला दुसरा चहा. तो तुटला नव्हता, पण तुटला असता तर अख्खं इंजिन घेऊन गेला असता, असं झिपरू म्हणाला, म्हणजे त्या चहानं उलट माझा फायदाच झाला. एसीच्या वेळेला त्यानं चहाबरोबर बिस्किटं मागवली. मी बिस्किटाला हात न लावता उठलो आणि एसी आहे तसाच राहू दिला. मागची डावी काच खड्ड्यात आपोआप खाली जाते आणि दोन्ही तळहात लावून वर ओढावी लागते, तेव्हा हवेची तशी सोय आहेच. दिपमालाचं म्हणशील तर मी गॅरेजवरून आलो की ती दारातच विचारते, 'चहा झाला का?' पूर्वी हा प्रश्न ती माझ्या साखरेसाठी विचारायची.

या सगळ्यात एक गोष्ट लक्षात घे. गाडी आजवर कधीही वाईट जागी बंद पडलेली नाही. भाजीबाजारासमोर पडली, तिथे भाजी घेता आली. दवाखान्यासमोर पडली, तिथे मी साखर तपासून घेतली. (तेव्हाच कळलं वाढली आहे.) बंद कुठे पडावं याची एवढी समज माझ्या खात्यातल्या निम्म्या लोकांना नव्हती. हे मी आत्ताच का सांगतोय, ते पुढे पारोळ्यात कळेल. मध्येच पान उलटून अक्का आली की नाही ते बघू नकोस, सगळं क्रमानं वाच.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे मी निघालो. डिकीत पाण्याचे दोन कॅन, जादा फॅनबेल्ट, पाने, दोरी, आणि झिपरूचा निरोप की साठच्या वर जाऊ नका आणि इंजिनच्या उष्णतेच्या काट्यावर नजर ठेवा. मी काट्यावर इतकी नजर ठेवली की एरंडोल कधी गेलं कळलं नाही. धुळ्यात तुझ्या दुकानावरून मुद्दाम गेलो नाही, बाहेरून निघून गेलो; म्हटलं तुला परत येताना दाखवू, बहिणीसकट. सोनगीरजवळ काटा थोडा वर सरकला म्हणून थांबून पाणी घातलं, तेवढ्यात तुझे चिरंजीव गेले. ती बंद पडणं नव्हतं, विश्रांती होती. तुला फोनवर 'तीनदा बंद पडली' असं कळलं होतं ना? त्यातली ही पहिली मोजू नकोस.

दुसरी मात्र खरी होती. अक्काच्या गावात शिरलो, वळण घेतलं, तिचा ओटा समोर दिसला, ओट्यावर डोळ्यांवर हात धरून उभी असलेली अक्का दिसली, आणि गाडीनं दोन आचके दिले आणि गप्प झाली. ओट्यापासून बरोबर दोन साखळ्या. (म्हणजे चाळीस मीटर. डोळ्यानं मोजलं आहे, पण माझा डोळा चुकत नाही.) सेल्फ मारला, नुसताच घुरघुरतो. बघ ना, प्रकाश. अकरा वर्षं, पहाटेपासूनचा रस्ता, एवढे चहा, आणि चाळीस मीटर राहिले! उतरून चालत गेलो असतो तर पुन्हा तेच, भाऊ उना, गाडी नही. म्हणून मी उतरलोच नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. गावातली माणसं जमली, त्यांना काय समजलं कोण जाणे, पण पाच-सहा जण मागे लागले आणि ढकलायला लागले. मी वळण घेतलं, हॉर्न दिला, ओट्यापाशी ब्रेक मारला. म्हणजे कायद्यानं बघितलं तर गाडी मीच चालवत होतो.

अक्का ओट्यावरून खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्या खिडकीशी वाकून विचारलं, "गाडी कोनी शे?" म्हटलं, माझी. "चालावनारा कोन?" म्हटलं, मीच की. "मंग ढकलत काबर उनी?"

ढकलत का आली, ते बघायला मी खाली उतरलो. आता सांगायची गोष्ट अशी, की भाऊजींना आयुष्यभर बाजार समितीचं राजकारण, त्यामुळे विहिरीवरचं डिझेल इंजिन तीस वर्षं अक्कानंच सांभाळलं. मी आपला बॉनेट उघडून झिपरूसारखा चेहरा करून उभा होतो. अक्का म्हणाली, पुन्हा सेल्फ मार. मी मारला. ती कान देऊन उभी राहिली, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा न लावता, आणि म्हणाली, "इंजिननी हवा धरेल शे." मग पदर खोचला, पाना मागितला, डिझेल फिल्टर कुठे ते शोधून काढलं, नट ढिला केला आणि वरचा रबरी फुगा दाबायला लागली. पहिल्यांदा नुसते बुडबुडे, मग फेस, मग स्वच्छ डिझेलची धार. नट आवळला. नळीवरून बोट फिरवत नेलं, एका जागी थांबलं, तिथे केसाएवढी चीर. सायकलच्या ट्यूबची पट्टी मागवली आणि ती नळीवर अशी गुंडाळली जशी मी लहानपणी खरचटून आलो की माझ्या गुडघ्याला चिंधी गुंडाळायची. मला सांगते, "मार सेल्फ." पहिल्या फटक्यात सुरू! गावानं टाळ्या वाजवल्या. मी आतापर्यंत झिपरू मिस्त्रीलाच सगळ्यात मोठा समजत होतो, ते मत मी तिथल्या तिथे बदललं. ती सत्तर वर्षांची बाई हात डिझेलमध्ये बरबटून माझ्याकडे बघून हसत होती, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. मी ते डिझेलच्या वासावर ढकललं.

तिनं साबणानं हात धुतले, लुगडं बदललं, आणि दाराआडून पिशवी उचलून आणली. पिशवी आधीपासून भरलेली होती, हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही. पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चाल, शाल्या."

आता पारोळा. धुळे गेलं (तुला दाखवायचं राहिलं, कारण अक्का म्हणाली ऊन आहे, कुणाच्या दारात नको), काटा जागेवर, मागची काच फक्त दोनदा पडली. पारोळा जवळ आलं, तशी बोलत असलेली अक्का गप्प झाली आणि नाक वर करून म्हणाली, "शाल्या, थांबाड. काहीतरी वास येस." मला वास आला नव्हता. पण ज्या बाईनं दोन तासांपूर्वी नुसत्या कानानं इंजिन दुरुस्त केलं तिच्या नाकावर अविश्वास दाखवणारा मी कोण? गाडी बाजूला घेतली तर ती म्हणाली, इथे रस्त्यावर नको, आत गावात सावली बघ. मी हळूहळू आत नेली आणि किल्ल्याच्या खंदकाशेजारी लिंबाखाली लावली. बॉनेट उघडलं. रेडिएटरची वरची नळी मला थोडी फुगल्यासारखी वाटली, म्हटलं हीच असणार. अक्का म्हणाली, बरोबर, हीच. पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, दोन-तीन तास तरी. मी घड्याळ बघायला लागलो, तर म्हणाली की घड्याळ बघून इंजिन गार होतं का?

मग बसून काय करायचं, म्हणून आम्ही चालत गेलो. बाबांनी घर विकून मेहरूणला बिऱ्हाड हलवलं त्याला आता अडतीस वर्षं झाली. आपल्या गल्लीत आमच्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, तुमच्या दुकानाच्या जागी बँकेचं एटीएम. शाळेला नवा रंग दिलाय, पण पायरी तीच, मधोमध झिजलेली. अक्का त्या पायरीवर जाऊन बसली. मागच्या लिंबाला पोरींनी आखाजीचा झोका बांधला होता. अक्का जवळ गेली, पोरींनी न विचारताच तिला बसवलं आणि झोका दिला. मी पिशवी धरून उभा होतो, म्हणून मला कळलं पिशवी किती जड आहे. विचारलं, एवढं काय आहे यात, आणि तू सगळं आधीच भरून कसं ठेवलंस? मी येणार हे तर तुला सांगितलं नव्हतं, अचानक आलो. तर झोक्यावरूनच म्हणाली की ती पिशवी दर आखाजीला आदल्या दिवशी भरते आणि संध्याकाळ झाली की सोडते. दर वर्षी. अकरा वर्षं.

मी तिथेच, त्या पोरींच्या देखत, अक्काच्या पाया पडलो आणि म्हटलं, ती जीप मी पाठवायला नको होती. ती म्हणाली, जीपचं काही नाही रे, 'कृपया पोच द्यावी'चा राग आला होता! आणि मग आम्ही दोघं जे हसलो, ते पोरी झोका सोडून बघायला लागल्या. नंतर उसाचा रस प्यायलो (माझ्या साखरेला न सांगता), तिनं चिंचेचं झाड शोधलं, ते नव्हतं, जागा होती, तर त्या जागेपाशीच थोडा वेळ उभी राहिली. तीन तास गेले. चाळीस वर्षांत आम्ही बहीणभाऊ सलग एवढा वेळ कधी बोललो नव्हतो.

परत येऊन सेल्फ मारला तर गाडी लगेच सुरू! नळीला हात लावून बघितला, गार आणि कोरडी. संध्याकाळी मेहरूणला पोचलो. दिपमालानं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, अक्काच्या पायांवर पाणी घातलं, आणि अकरा वर्षांनी आमच्या घरात आखाजीची घागर अक्काच्या हातानं भरली. सांजोऱ्या एवढ्या झाल्या की गल्लीत वाटल्या. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी गाडी झिपरूकडे नेली, अक्काही हौसेनं बरोबर आली. झिपरूनं अक्कानं बांधलेली ट्यूबची पट्टी बघितली आणि हात जोडले. मग रेडिएटरची नळी दाबून दाबून बघितली, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि म्हणाला, भाऊ, याला काहीच झालेलं नाही, नळी ठणठणीत आहे. चहा नाही, लहान कामसुद्धा नाही. मी त्यालाच म्हटलं, झिपरू, ही गाडी आपोआप बरी झाली. जिथं थांबायचं तिथं थांबली, आणि काम झाल्यावर बरी झाली. अशी गाडी तू कधी पाहिली आहेस का? तो अक्काकडे बघून म्हणाला, नाही पाहिली. तेव्हा प्रकाश, आता मला सांग, अशी गाडी मी तुला परत देऊ? पैसे तुझे तुला लखलाभ. गाडी माझ्याजवळ राहील, आणि तू शांत झोपत जा.

तुझा बाकमित्र,
शालिग्राम

ता.क. तुझ्या गल्लीच्या टोकाला जिनिंगच्या भिंतीलगत अगदी अशीच, याच रंगाची एक गाडी चार वर्षं उभी आहे, ती मी नोव्हेंबरात पाहून ठेवली होती. मालकाला किंमत विचारशील का? चालू स्थितीत नसली तरी हरकत नाही (न चालणारीच बरी, स्वस्त पडते). झिपरू म्हणतो, तिचा कॉम्प्रेसर, सेल्फ, काचेची मोटर, अल्टरनेटर आणि जमलं तर डिझेल पंप काढून ठेवू, पुढेमागे लागेल. वर मी गाडीला काही होत नाही असं लिहिलं आहे, त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

ता.क. दुसरा. ती गाडी घेतली तर तुझ्या गोदामात ठेवावी लागेल. दिपमालाच्या मते आमच्या घराला एक गाडीच जास्त आहे.

ता.क. तिसरा. घरातला डिंक वाळून दगड झालाय, नवा आणायला खाली जातोय. पाकिटावर पत्ता अक्का लिहिते म्हणते. तिचं अक्षर अजून चौथीतलंच आहे, चटकन ओळखशील.

प्रकाशभाऊ, मी भिकुबाई लिखी राहिनू. शाल्या डिंक लेवाले जायेल शे, त्याले सांगू नको. पारोयामा गाडीले काहीच व्हयेल नव्हतं. वास बी नही येत व्हता. एष्टीमा जावो ते स्टँडवर धा मिनिट, कंडक्टर उतरू देस नही. शाल्याले सरळ सांगतू, पारोयामा थांब, ते तो घड्याय देखीसन म्हनता, अक्का, उशीर व्हई. गाडी बिघडनी म्हंतं का मंग तो गुमान बसस, बोलस बी. तुनी गाडी चांगली शे, परत मांगू नको. पुढली आखाजीले बी मी याच गाडीमा येसू. मी झिपरू मिस्तरीले सांगी दिधं शे, गाडी दुरुस्त कर भाऊ, पन जास्ती नको.